तेल पाजलेली सायकल

आणे घाटाच्या पहिल्या वळणावर मी दोन्ही ब्रेक आवळले आणि सायकल आणखी जोरात निघाली. मागं कॅरिअरवर माझी सासू बसली होती. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा आणि आपट्याच्या पानांची पिशवी होती. दोन्ही हातांनी त्यांनी ते धरलं होतं, म्हणजे मला किंवा सायकलीला धरायला हात उरला नव्हता.

"सावकाश चालीव की गं," त्या म्हणाल्या.

"ब्रेक लागंनात, आत्याबाई."

"लागत्याल. दसरा हाय आज."

डाव्या हाताला दरी. मी पुन्हा ब्रेक आवळले. रबर चाकावरून असं घसरत होतं, जसं काही दोघांचं भांडण मिटलंय. तेव्हा मला सकाळची चकाकणारी चाकं आठवली.

"आत्याबाई, चाकाला काय लावलंय?"

"गोडंतेल. घाण्याचं. चांगलं."

"आन ब्रेकच्या रबराला?"

"त्येलाबी लावलं. कोरडं पडलं व्हतं बिचारं."

आमच्या घरची रीत अशी की दसऱ्याला विळा, खुरपं, कोयता, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पुसून त्याला तेल पाजायचं. वर्षभर राबलं, एक दिवस त्याचं कौतुक. लोखंड म्हटलं की तेल, एवढं साधं गणित. सायकल मात्र त्या पूजेत कधी बसली नव्हती, कारण आत्याबाईंना ती डोळ्यांसमोर नको असायची.

ती सायकल मूळची आमच्या मालकांची. त्यांनी मोटारसायकल घेतली तशी ही गोठ्यात उभी राहिली. डेअरीला दूध घालायचं काम माझ्याकडं होतं, आणि डोक्यावर कॅन घेऊन चालायला माझी मान तयार नव्हती. चाळिशी जवळ आली असताना मी शिकले. शिकले म्हणजे पडले, उठले, पुन्हा पडले. सायकल पुरुषी, मधे दांडा. पण मी नऊवारी नेसते. काष्टा घातलेल्या बाईला दांड्याची काय मातब्बरी? पदर चेनमध्ये अडकून पडायच्या त्या पाचवारीवाल्या.

पारावरची माणसं सुरुवातीला रोज विचारायची, "वहिनी, हवा भरली का?"

"भाऊ, तुमच्या तोंडात हाय ती पुरंल की गावाला," मी म्हणायची. हळूहळू विचारायची बंद झाली.

आत्याबाई मात्र बंद होईनात. "बायामानसानं टांग टाकून बसायचं? त्यापरास मला बैलासंगं जुंप."

लोक म्हणतात सायकलीसारखं सुख नाही. खरं आहे. उन्हाळ्यात सीट इतकी तापते की बसल्यावर दिवसभर कुणाशी भांडायची ताकद राहत नाही. पावसात मातीच्या रस्त्यावरून गेलं की मडगार्डमध्ये चिखल भरतो, चाक फिरत नाही, आणि मग आपण सायकलीवर बसायच्या ऐवजी सायकल आपल्या खांद्यावर बसते. थंडीत आमच्या पठारावरचा वारा जाताना समोरून लागतो आणि येतानाही समोरूनच लागतो. हे कसं ते चौथीपर्यंत तरी शिकवलेलं नाही. एवढं असून दूध घालून रिकामे कॅन खडखडत उतारावरून येताना मला जगात कुणाकडून काही नको असायचं. घरी पोचेपर्यंत.

त्या वर्षी आत्याबाईंचे थोरले भाऊ, आमचे मामा, पावसाळ्यापासून अंथरुणावर होते. घाटाखाली त्यांचं गाव. भावंडांत ही दोघंच राहिली होती. दर दसऱ्याला आत्याबाई त्यांना सोनं द्यायला एसटीनं जायच्या. या खेपेला त्या मनातून घाबरल्या होत्या, पुढचा दसरा त्या भावाला दिसेल असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणूनच की काय, सकाळी दूध घालून आल्यावर मी अंघोळ करून बाहेर येते तर सायकल धुतलेली, हळदकुंकू लावलेली, हँडलला झेंडूची माळ. "तीबी राबतीच की," एवढंच त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. तिथंच संशय यायला हवा होता.

दुपारी एसटी आली नाही. कुणी म्हणालं बंद पडली, कुणी म्हणालं ड्रायव्हरलाही घरदार आहे. मालक मोटारसायकल घेऊन बहिणीकडं गेलेले. आत्याबाई थांब्यावर पिशवी घेऊन बसून राहिल्या. ऊन उतरायला लागलं तशी मी सायकल काढली आणि त्यांच्यापुढं उभी केली.

त्यांनी डबा आणि पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "दादा वाट बघत आसंल," आणि बसल्या. घाटापर्यंतचा रस्ता सपाट आणि सणाचा मोकळा, ब्रेकची गरजच पडली नाही.

तर घाट. मी उजवा पाय पुढच्या चाकावर दाबला. चप्पल सुटली आणि गेली. खालून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. दुसऱ्या वळणापुढं रस्त्याकडेला मुरमाचा ढीग होता. रस्ता दुरुस्त करायला कुणीतरी आणून टाकला आणि विसरला, त्यावर गवतही माजलं होतं. एसटीतून जाताना सगळे त्याला शिव्या द्यायचे. मीही दिल्या होत्या. सायकल नेऊन मी त्यात घातली.

मी तोंडावर पडले, कोपर सोलून निघालं, पुढच्या चाकाचा आठ झाला. वळून बघितलं तर आत्याबाई मुरमात पाटावर बसल्यासारख्या बसलेल्या, डबा मांडीवर.

"थांबली बघ," त्या म्हणाल्या. "म्हनलं व्हतं ना, दसरा हाय."

ट्रकवाल्यानं गाडी थांबवली. "मावशे, मरायला आजचाच दिस गावला व्हय?"

"मरायचं न्हाई रं. हे घे, सोनं घे," म्हणत त्यांनी सांडलेली पानं गोळा करून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती कपाळाला लावली आणि तो वर निघून गेला.

पुढचं चाक उचलून धरत मी सायकल खाली नेली. मागून आत्याबाई डबा घेऊन, झपाझप. दिवेलागणीला पोचलो. मामा खाटेवर होते, जागे. आत्याबाईंनी त्यांच्या मुठीत पानं दिली आणि पायावर डोकं ठेवलं. मामांनी माझं कोपर बघितलं, आत्याबाईंच्या लुगड्यावरचा मुरूम बघितला.

"एसटी आली व्हती का गं?"

"सायकलीवर आले, दादा. लई सुखाचं बसनं हाय."

मामा खोकला येईपर्यंत हसले.

दिवाळी झाल्यावर ते गेले. चाक नवं घातलं, सायकल पुढंही कित्येक वर्षं चालली. दर दसऱ्याला आत्याबाई तेलाची वाटी घेऊन तिच्यापाशी यायच्या आणि मी ती काढून घ्यायची. त्यांच्या लेखी त्या दिवशी घाटात आम्हाला दसऱ्यानं वाचवलं, माझ्या लेखी मुरमाच्या ढिगानं.