येसूची कॅसेट

देवानं मला गळा दिला आणि ऐकणारं माणूस द्यायला विसरला, असं मी त्या वर्षी चारचौघांत बोलून दाखवायचो. आई कानांवर हात ठेवायची. आम्ही नागपूरकडच्या शहापूरचे. हायवेलगत आमचं घर, आणि गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नागपूरला कॉलेजात असताना मी गिटार शिकलो, मित्रांच्या खोल्यांवर रॉक ऐकून ऐकून कान बिघडवून घेतले आणि मनाशी पक्कं केलं की प्रभूची गाणी पेटीवर रडत रडत म्हणण्याचे दिवस आता संपले. तरुणांना हलवायचं तर इलेक्ट्रिक गिटार पाहिजे, ड्रम पाहिजेत. सत्तरचं दशक सरता सरता हे डोक्यात शिरलं आणि पुढची चार-पाच वर्षं दुसरं काही शिरलंच नाही.

शेवटी कॅसेट निघाली. आठ गाणी, शब्द माझे, चाली माझ्या, नागपूरच्या एका लहानशा स्टुडिओत भरलेली. तिचं नाव मी ठेवलं ‘कशासाठी?’. माणूस जन्माला येतो तो कशासाठी, हा प्रश्न मला त्या वयात फार मोठा वाटत होता, आणि उत्तर आपल्याला सापडलंय असंही वाटत होतं. कॅसेटची खोकी घरी आली तेव्हा बाबांनी ती खाटेखाली सरकवली आणि एवढंच विचारलं, “कायले?” प्रश्न तोच होता, फक्त आमच्या बोलीतला. मला तेव्हा अजिबात हसू आलं नाही.

खरा घाव घातला तो आमच्या पाळकसाहेबांनी. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी सगळ्या मंडळीसमोर कॅसेट लावली आणि पाचव्या गाण्यावर बंद केली. आमच्या भागात ‘श’चा ‘स’ व्हायला वेळ लागत नाही. घरात आम्ही सगळे ‘येसू’च म्हणतो. स्टुडिओत मी जपून ‘येशू’ म्हणत होतो, पण पाचव्या गाण्यात जीव ओतला आणि जीभ घरची निघाली. ‘येसू, घरी ये, दार उघडं आहे’. एकदा नाही, प्रत्येक कडव्यानंतर. पाळकसाहेब म्हणाले, “ज्याला प्रभूचं नाव धड घेता येत नाही, तो जगाला विश्वास काय शिकवणार?” मंडळी हसली. ज्यांच्या घरी रोज ‘येसू’च म्हणतात तेही हसले, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. मंडळीच्या मते माझं गाणं म्हणजे सैतानाचा धिंगाणा, गावच्या मते पोरं बाटवायचा नवा बाजा. तेलही गेलं, तूपही गेलं.

मी गिटारच्या तारा काढून ठेवल्या. जेवणाआधी बाबा प्रार्थना करायचे तेव्हा मी ओठ मिटून बसायचो आणि शेवटी आमेनसुद्धा म्हणायचो नाही. बाबांना ते कळत होतं. ते बोलत नव्हते आणि त्याचाही मला राग यायचा.

सानगडीच्या बाजारात कॅसेटी भरून देणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे मी काही कॅसेटी विकायला ठेवल्या होत्या. त्यानं निरोप पाठवला की एकही गेली नाही, पण सगळी खोकी आणून दिली तर पुसून त्यांवर सिनेमाची गाणी भरता येतील. मी म्हटलं, होऊ दे एकदाचं. धानाची रोवणी आटोपली होती, शेतांच्या बांध्यांमध्ये पाणी भरलेलं होतं. खोकी घेऊन साकोलीला उतरलो आणि दुसऱ्या बसनं सानगडी गाठली. कॅसेटच्या मागची खाच कागदाच्या कपट्यानं बुजवली की जुनं पुसून नवं भरता येतं. तो एकेक कपटा चिकटवत होता आणि मी बघत उभा होतो. पहिल्या कॅसेटवर सिनेमाचं गाणं चढू लागलं तेव्हा मी देवाला मनातल्या मनात म्हटलं, झालं तुझं समाधान?

तेवढ्यात लुगड्याच्या पदरात काहीतरी गुंडाळून एक म्हातारी दुकानात आली. पायांना बांधीतला चिखल तसाच होता. तिनं पदर सोडला तर आत माझीच कॅसेट, फीत बाहेर लोंबत असलेली.

“बाबू, येसूचं गानं बिगडलं. सुदरवून दे ना.”

“काकी, हे तं तुमाले टेपच्या सेलसोबत फुकट देल्ली होती मी,” दुकानदार म्हणाला. “आता सिनेमाची न्या.”

“सिनेमा मले कायले? मले येसू पायजे.”

सांगायला लाज वाटते, पण माझी छाती फुगली. एक तरी आत्मा माझ्या गाण्यानं प्रभूकडे वळला होता! मी पुढे होऊन विचारलं, “काकी, येसूवर तुमचा विश्वास हाय?”

तिनं माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं पाहिलं. “पोटच्या पोरीवर कोनाचा इस्वास नसते, बापू?”

मग तिनंच सांगितलं. तिची यशोदा, घरात सगळे येसू म्हणायचे. आपल्या मर्जीनं लग्न करून गेली. बापानं शपथ घातली की या घरात तिचं नाव कोणी घ्यायचं नाही. “तीन साल झाले. मी नाव घेतलं तं मानूस ताटावरून उठते. पन टेपले कोन अडवते? टेप म्हनते, येसू, घरी ये. मी रोज लावतो. पयले हे वसरीत जाऊन बसत. मंग आतच बसू लागले. परवा गवताचा भारा बांधता बांधता हेच गुनगुनून राहिले होते. आनि कालच फीत तुटली, माय!”

मला तिला खरं सांगायचं होतं. ते गाणं तुमच्या पोरीचं नाही, प्रभूचं आहे, आणि माझं आहे. शब्द ओठांपर्यंत आले होते. तिनंच मला विचारलं, “हे ज्यानं म्हटलं त्याचीबी येसू गेली असन ना? त्याबिगर असं बोलावता येते का कोनाले?”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“हो काकी,” मी म्हणालो. “त्याचीबी गेली हाय.”

“आली का मंग?”

“नाही.”

“येते म्हना त्याले. दार लावू नोको म्हना.”

मी खाली बसलो. फीत चिकटवली, पेन्सिलीनं गुंडाळून आत घेतली, आणि खोक्यातली एक नवी कॅसेटही तिच्या पदरात घातली. उरलेली खोकी मी परत आणली नाहीत, पुसायला तिथंच ठेवली. गाण्याचा नाद मला त्या दिवशीही परत लागला नाही. मी कडवट माणूस आहे, एका दुपारीत गोड होणारा नव्हे.

दिवाळीनंतर दुकानदाराकडून एक पिशवी आली. तिच्यात नव्या चिन्नोर तांदळाचं गाठोडं होतं, माझ्या दोन्ही कॅसेटी होत्या आणि काकीचा निरोप होता. येसू आली, आता कॅसेट लागत नाही. मी आधी हसलो, कारण आयुष्यात एकच कॅसेट कामी आली होती आणि तीही साभार परत. मग रडायला आलं. इतकी वर्षं हाक मी मारत होतो, माझ्या घरी ये म्हणून, माझं नाव कर म्हणून. प्रभू मात्र सानगडीला गेला. माझ्या चुकलेल्या ‘स’वर बसून गेला, आणि मला विचारलंसुद्धा नाही. राग आला का? आला. पण त्या घरातलं मिटलेलं नाव माझ्या तोंडून उच्चारलं गेलं, याचे उपकारही मी फेडू शकत नाही. आपण कशासाठी हे आपल्याला कळलंच पाहिजे असा त्याचा करार नाही, एवढं तेव्हापासून मी मान्य केलं आहे.

त्या दिवशी आईनं तोच तांदूळ शिजवला. घरभर वास सुटला होता. बाबांनी डोळे मिटले आणि रोजच्यासारखं, आमच्या अशुद्ध बोलीत म्हटलं, “ये येसू, आमच्यासंग जेवाले ये.”

मी आमेन म्हणालो. बाबांनी डोळे उघडले नाहीत, पण भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.