आमच्या घरची बाई होडीवर चढली नाही

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. सकाळी धुकं, दुपारी तासभर ऊन. बॉयलरचा माणूस नऊला आला, प्रेशर वाढवून गेला. स्वातीसाठीचं पत्र पूर्ण झालं. चार पानं, खाडाखोड नाही. दोनदा वाचून पाकीट बंद केलं आणि दोन वाजता पोस्टात दिलं. येताना ब्रेड आणला.

एवढं लिहून मधुमतीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या दिवशी त्या मनातून फार खूश होत्या, पण डायरीत त्याचा मागमूस नव्हता. चौदा वर्षांच्या असताना कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेटनी त्यांना पहिली वही दिली, तेव्हाच बजावलं होतं : जे घडलं ते वहीत लिहायचं, जे वाटलं ते देवाला सांगायचं. चौसष्ट वर्षं त्यांनी तेच केलं. एडिनबरात समुद्राच्या बाजूला, न्यूहेवनच्या जुन्या बंदराजवळ त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. आतल्या खोलीतल्या शेल्फवर चौसष्ट डायऱ्या वर्षांच्या क्रमाने उभ्या होत्या. त्यांच्या मुलाला, ब्रिस्टलच्या अजयला, आपण पहिल्यांदा कधी चाललो असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मधुमतीबाई उठून, अमुक साली, अमुक वारी, कपाटापासून खिडकीपर्यंत, असं सांगू शकल्या असत्या.

समुद्रकाठच्या सातपाटी गावात, कोळ्यांच्या घरात त्या जन्मल्या. घरची होडी होती. नऊ वर्षांच्या असताना, होडी वाळूत ओढून ठेवलेली असताना, त्या एकदा कड धरून आत चढल्या होत्या. आजीने दंडाला धरून खाली खेचलं. मग होडी धुतली, नारळ फोडला, आणि पुढे तीन दिवस जाळ्यात काही आलं नाही त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. त्यांच्या घराण्याचा रिवाज होता : होडी पुरुषांची. म्हावरं वाळूला लागलं की बाईचं. निवडायचं तिने, विकायचं तिने, सुकवायचं तिने, पैसा तिच्या कमरेला. पण पाण्यावर पाऊल नाही. पुढच्याच वर्षी मधुमतीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातलं. तिथे केसांना माशांचा वास येतो म्हणून मुली शेजारी बसत नसत. लग्नानंतर एकाहत्तर साली नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीपायी त्या स्कॉटलंडला आल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. इथे पन्नासहून जास्त वर्षांत त्यांना कोणी तुम्ही कोळी का, असं विचारलं नव्हतं. दर गुरुवारी मासेवाल्याची व्हॅन गल्लीत यायची तेव्हा त्या हॅडक माशाचे कल्ले उघडून बघायच्या आणि मासेवाला म्हणायचा, "मिसेस मेहेर, तुम्ही मला कामावरून काढाल." तेवढीच ओळख.

स्वाती ही त्यांच्या धाकट्या भावाची, नंदूची मुलगी. चौतीस वर्षांची. नवरा परीक्षित सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीने दोन वर्षांसाठी एडिनबराला पाठवलेला. ती मुदत जूनमध्ये संपत होती. ठिकठिकाणच्या मूळच्या मच्छीमार जमातींतल्या लोकांना मासेमारीचं आणि मत्स्यशेतीचं शिक्षण देणाऱ्या एका छोट्या ट्रस्टची जाहिरात स्वातीनेच शोधून काढली. वर्षाला चार जागा. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजात नऊ महिने कालवं आणि शिंपले वाढवायचं शिक्षण, फी आणि राहणं ट्रस्टकडे. स्वातीचं ठरलेलं होतं. गावी आता समुद्रात पूर्वीसारखं मिळत नाही, नंदूला अर्धांगवायू झालेला, त्याची वाचा गेलेली. खाडीत दोऱ्यांवर कालवं वाढवली तर होडी विकावी लागणार नाही, आणि वहिनीला, म्हणजे तिच्या आईला, दुसऱ्याच्या दारी जावं लागणार नाही. हे शिकायची दुसरी वाट तिच्याकडे नव्हती. पुण्याला परतल्यावर परीक्षितच्या पगारात असलं शिक्षण बसणारं नव्हतं. त्यातून ट्रस्टच्या पत्रकात लिहिलं होतं की यंदाची तुकडी शेवटची.

फॉर्मसोबत समाजातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीचं पत्र हवं होतं. ते उमेदवाराला न दाखवता थेट पाठवायचं. स्वाती म्हणाली, आत्या, तुझ्याइतकं इंग्रजी आणि तुझ्याइतकं वय दोन्ही असलेलं आपल्यात कोण आहे? मधुमतीबाईंनी ते तीन आठवडे लिहिलं. होडीचं, बाजाराचं, आजीचं, आईचं. स्वाती दहाव्या वर्षापासून माशांची पाटी उचलायची हेही. आणि तिसऱ्या पानावर, ज्या वाक्यासाठी त्यांनी तीन वेळा कच्चं लिहून पाहिलं, ते असं : आमच्या घरची बाई कधी होडीवर चढली नाही, स्वातीनेही हा मान आजवर राखला आहे. शेवटी त्यांनी लिहिलं की मी चौसष्ट वर्षं रोज डायरी ठेवते, आणि या पत्रातली प्रत्येक गोष्ट तिच्याशी ताडून पाहिली आहे.

पत्र पोस्टात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वातीसाठी पिवळा रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. ते खोक्यासकट पलंगाखाली ठेवले. जागा मिळाल्यावर द्यायचे.

अठरा मार्चला, सोमवारी, स्वाती न सांगता आली. कोट अंगावरच ठेवून किचनमध्ये बसली. ट्रस्टच्या सेक्रेटरी, मिस गिलेस्पी, यांची ईमेल आली होती. फॉर्मात आणि ज्येष्ठांच्या पत्रात मेळ बसत नाही, आठवड्यात खुलासा करावा.

"आत्या, तू पत्रात काय लिहिलंस?"

मधुमतीबाईंनी कच्च्या मसुद्याची वही आणली आणि वाचून दाखवलं. त्या वाक्याला त्यांचा आवाज आपोआप थोडा चढला. स्वातीने वही मिटली.

"मी गेले होते," ती म्हणाली.

"कुठे?"

"होडीवर. दोन हंगाम. सोळा साली बाबांना झटका आला तेव्हा खलाशी एकच उरला होता. मग मी जायला लागले. खलाशांच्या यादीत चुलतभावाचं नाव, त्याचंच मच्छीमार कार्ड, मी डोक्याला टॉवेल बांधून. फॉर्ममध्ये तेच लिहिलंय. समुद्रावर काम केलेलं असलं पाहिजे, ती त्यांची पहिली अट आहे."

मधुमतीबाईंना काही क्षण आजीचा हात दंडावर जाणवला. मग त्यांनी विचारलं, वहिनीला माहीत आहे का?

"आईनेच पॅन्ट शिवून दिली."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुला सांगितलं असतं," स्वाती हळूच म्हणाली, "तर तू लिहून ठेवलं असतंस."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. दोन हजार सोळा आणि सतराच्या डायऱ्या काढल्या. दर रविवारी एकच ओळ होती. वहिनीचा फोन. नंदू तसाच. होडी भाड्याच्या खलाशांवर चालली आहे. सगळं ठीक. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आपल्या हातच्या स्वच्छ, तिरप्या अक्षरात दोन वर्षांचं खोटं लिहिलेलं होतं, आणि आपण त्याच्याशी ताडून पत्र लिहिलं होतं.

स्वाती होडीवर गेल्याचा पुरावा नव्हता. चुलतभाऊ कार्डाच्या भानगडीला घाबरून काही बोलणार नव्हता. खलाशी आपल्या मुलखात निघून गेला होता. नंदूला बोलता येत नव्हतं. वहिनीने ईमेलने चार ओळी पाठवल्या, पण आईची साक्ष धरत नाहीत असं ट्रस्टचं उत्तर आलं. उरलं ते एकच. मधुमतीबाईंनी लिहायचं, की मला हे ठाऊक होतं आणि मी विसरले.

स्वातीने ते मागितलं नाही. ती निघताना दारात नुसती थांबली, बुटाची नाडी बांधायला लागेल त्याहून जास्त वेळ.

मधुमतीबाईंनी रात्रभर नाही, चार दिवस विचार केला. दुपारी बंदरावर जाऊन बसल्या. तिथे भिंतीवर जुने फोटो आहेत, पाठीवर टोपल्या घेतलेल्या इथल्या मासेवाल्या बायकांचे. त्यांच्यातली एखादी तरी कधी लपून पाण्यावर गेली असेल का, आणि ते कुठे लिहिलं असेल का, असं त्यांच्या मनात आलं. शुक्रवारी त्यांनी आयुष्यातलं पहिलं खोटं कागदावर लिहिलं. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. भाची दोन हंगाम होडीवर होती हे मला तेव्हाच कळलं होतं, परंतु पत्र लिहिताना स्मरणातून निसटलं. क्षमस्व. अक्षर नेहमीपेक्षा जरा वेडंवाकडं काढायचा विचार त्यांच्या मनात आला, पण हाताला ते जमलं नाही. स्वातीला त्यांनी फोन केला नाही. डायरीत लिहिलं : पत्र पाठवलं. एक पान.

निकाल अठरा एप्रिलला आला. स्वाती अकराच्या बसने आली, ईमेल छापून घेऊन. मधुमतीबाईंनी चष्मा लावून वाचली. ट्रस्टने फार सभ्यपणे लिहिलं होतं. समितीने दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. पहिलं पत्र इतकं नेमकं आणि तारीखवार आहे की लिहिणाऱ्या बाई विसरल्या असतील यावर विश्वास ठेवणं समितीला कठीण गेलं. त्या रोजच्या डायरीचा आधार देतात. दुसरं पत्र आत्यांनी प्रेमापोटी लिहिलं असावं. म्हणून पहिलंच ग्राह्य धरलं आहे. उमेदवाराने समुद्रावर काम केल्याचं सिद्ध होत नाही. चारही जागा भरल्या आहेत.

"तू खोटं लिहिलंस," स्वाती म्हणाली. "माझ्यासाठी."

"नीट लिहिता आलं नाही."

स्वाती किंचित हसली आणि लगेच थांबली. मग तिने बाकीचं सांगितलं. जूनपर्यंत थांबण्यात आता अर्थ नव्हता, मे महिन्यातली तिकिटं स्वस्त होती. होडीला गिऱ्हाईक आधीच होतं, पलीकडच्या गावचा माणूस, त्याला इंजिन तेवढं हवंय. आईला फोनवर कळवून झालं होतं. आई काय म्हणाली असं मधुमतीबाईंनी विचारलं. स्वाती म्हणाली, बाबा शेजारीच बसले होते, तर तिने फोन आतल्या खोलीत नेला.

मधुमतीबाई पलंगाखाली वाकल्या आणि खोकं ओढून बाहेर काढलं. स्वातीने झाकण उघडून बघितलं. रेनकोटच्या बाहीवरून एकदा हात फिरवला आणि झाकण परत लावलं.

"परत करून टाक, आत्या. लेबलं आहेत अजून."

"घेऊन जा. पावसात लागतील."

"कुठे घालू?"

 पुण्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला ते बूट कशाला लागणार? खाली गल्लीत व्हॅनचा भोंगा वाजला. गुरुवार होता. दोघीही उठल्या नाहीत. थोड्या वेळाने भोंगा पुन्हा वाजला, मासेवाला नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी थांबला होता, मग व्हॅन पुढे गेली. स्वाती साडेबाराच्या बसने गेली. जाताना वाकून नमस्कार केला. तिने तो केला नसता तर बरं झालं असतं, असं मधुमतीबाईंना वाटलं.

संध्याकाळी त्या डायरी उघडून बसल्या. त्या दिवशी देवाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांनी ते त्यालाही सांगितलं नाही. दोन हजार सोळाची डायरी काढून त्या रविवारच्या ओळी दुरुस्त कराव्यात असं त्यांच्या मनात आलं. शाईची बाटलीही त्यांनी जवळ घेतली. पण सिस्टर बर्नाडेटनी जुन्या पानांना हात लावायला मनाई केली होती, आणि आता दुरुस्त केलेलं कोण ग्राह्य धरणार होतं? बाटली त्यांनी जागेवर ठेवली. मग नेहमीच्या अक्षरात, खाडाखोड न करता, तारीख घातली आणि लिहिलं :

स्वाती अकराला आली, साडेबाराला गेली. व्हॅन आली होती. मासे घेतले नाहीत. वरणभात केला.