आमच्या फटफटीची होळी

आमच्या घरातल्या सर्वांत परकीय वस्तूवर वडिलांचं, म्हणजे नानांचं, सर्वांत जास्त प्रेम होतं, आणि ती जाळायचं कबूल करून मी मोकळा झालो होतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशी शीतपेयांचे फलक नाशिकच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लागायला लागले होते आणि मी कॉलेज सोडून (म्हणजे हजेरी सोडून, फी नाना भरत होते) विलायती मालाविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला घरात सहन करणं सोपं नसतं. मी आईकडे चहा मागत नसे, चहाची मागणी करत असे.

रविवारी सकाळी गोदाकाठच्या मैदानावर विदेशी वस्तूंची होळी करायचं ठरलं. पत्रकाच्या शेवटी मी ठसठशीत अक्षरांत टाकलं : 'सुरुवात स्वतःच्या घरापासून.' आमच्या स्वदेशी समितीचे अध्यक्ष भाऊ यांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"विनायक, तुमच्या नानांकडे ती विलायती फटफटी आहे ना?"

"आहे."

"मग?"

बैठकीला चौदा जण होते. चौदाही माझ्याकडे बघत होते.

"आणतो," मी म्हणालो.

त्या गाडीचा मला आजही राग आहे आणि तो मी लपवणार नाही. सगळ्या जगाचा ब्रेक उजव्या पायाला, हिचा डाव्या. सगळ्या जगाचा गिअर डाव्या पायाला, हिचा उजव्या. म्हणजे जग चुकलेलं. किक मारली की ती परत किक मारायची. नानांची पोटरी बारा महिने काळीनिळी. तेल गळायचं, म्हणून आईची पीठ मळायची परात कायम तिच्या पोटाखाली. पण या सगळ्याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे लोक. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस गेटमधून आत येऊन तिच्यासमोर उकिडवा बसायचा. एकदा हवालदाराने नानांना लायसन्स मागितलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि लायसन्स विसरून अर्धा तास "वा, नाना, वा" करत राहिला. अरे, ज्या साहेबाला हाकलायला लोक तुरुंगात गेले, त्याच्या लोखंडापुढे हात कसले जोडता?

आणि नाना प्रत्येकाला तेच ऐकवायचे. "एक खिळा देशी सापडला तर मिशी उतरवीन. सगळं ओरिजिनल."

त्या संध्याकाळी ते टाकी पुसत होते तेव्हाच मी विषय काढला.

"नाना, रविवारी फटफटी जाळायची आहे."

"कोण म्हणतं?"

"समितीचा ठराव आहे."

"नेणार कशी?"

"ढकलत."

तेव्हा कुठे नाना चिडले. "ढकलत? ती काय भाजीची गाडी आहे? जाळायची तर जाळा, विलायती आहे, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण ती जाईल स्वतःच्या चाकांवर. मी नेईन."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बापलेक दोघेही वेडे झालेत. माझी परात तेवढी सोडवा."

रविवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून पुढे, मी मांडीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन मागे. रविवार कारंजापाशी पोहोचेपर्यंत आमच्यामागे दहा-बारा स्कूटर लागल्या होत्या. पुढे सायकलीही आल्या. एक रिक्षावाला सवारी आत असताना विचारत होता, "नाना, किती सालची?" सवारीही मान बाहेर काढून उत्तराची वाट बघत होती. मी पत्रक पुढे केलं की लोक न वाचता खिशात टाकत आणि सायलेन्सरकडे बघत.

मैदानावर होळीसाठी जमलेला विदेशी माल असा : शाम्पूच्या तीन बाटल्या, अत्तराची एक (रिकामी), आणि भाऊंच्या पुतण्याचा लहान झालेला टी-शर्ट. जनता शून्य होती. आमच्यामागून ती आली. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "विनायक, हे यश तुमचं."

नानांनी गाडी स्टँडवर लावली आणि गर्दीला माहिती द्यायला सुरुवात केली. भाऊंनी पेट्रोल काढायला सांगितलं, तर नानांनी स्वतः नळी लावून डबा भरून दिला. आवाज नेहमीचाच होता. पण डावा हात टाकीवर ठेवला होता तो त्यांनी उचललाच नाही, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

भाऊंनी काडेपेटी काढली. आणि मी, 'सुरुवात स्वतःच्या घरापासून'चा लेखक, खुर्चीवर चढलो.

"थांबा. ही गाडी विलायती नाही."

"काय बोलतोय हा?" नाना.

"हिचा पिस्टन घोटीच्या भातगिरणीच्या इंजिनाचा आहे, कातून बसवलेला. व्हॉल्व्ह मालेगावच्या खलीलचाचांनी लेथवर केलेत, यंत्रमागाच्या दांड्यातून. मागचं मडगार्ड वणीच्या रस्त्यावर पडलं ते तिथेच राहिलं, हे पाण्याच्या टाकीच्या पत्र्याचं आहे. सीट भद्रकालीतल्या टांग्याच्या गादीवाल्याची."

मला सगळं तोंडपाठ होतं, कारण त्या प्रत्येक भागासाठी मी लहानपणी नानांच्या मागे बसून हिंडलो होतो.

"साफ खोटं," नाना म्हणाले. "ओरिजिनल आहे. भाऊ, जाळा."

"नाना, गप्प बसा हो. खलीलचाचा स्वतः म्हणाले होते ना, 'नाना, लंडनवाला भी ऐसा नहीं बनाएगा'?"

"कोण खलीलचाचा? मी ओळखत नाही. जाळा म्हणतो ना."

"अजिबात जाळायची नाही."

"माझी गाडी आहे, मी जाळणार. चार लोकांत तिला देशी म्हणतोस?"

समितीने बाजूला जाऊन चर्चा केली. गाडी किती आणे विलायती यावर चौदा जणांची पंधरा मतं पडली. शेवटी एकाने विचारलं, "पण लोखंड जळतं का?" इतक्या बैठका झाल्या, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मीही त्यातलाच.

तोवर गर्दीने रांग लावून तिच्यावर बसायला सुरुवात केली होती. रांगेत चौथे आमचे भाऊ होते. त्यांनी हँडल धरलं, डोळे मिटले आणि तोंडाने आवाज काढला.

पुढच्या बैठकीत मला समितीतून काढलं. आरोप, विदेशी मालाला आश्रय दिला. त्याच आठवड्यात नानांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आरोप, तिला देशी म्हटलं. एकाच गुन्ह्यासाठी दोन उलट कलमं लागलेला नाशिक जिल्ह्यातला मी एकटाच इसम असेन. दोन महिने नाना आईमार्फत बोलले. "त्याला सांग, पिस्टन तो आणि मी घोटीहून आणला हे खरं आहे. पण सांगायचं नसतं."

मी अजून भाषणं करतो, अजून चिडतो. पण चौकात बोलताना मागून तसला धडधड आवाज आला की माझं वाक्य तुटतं आणि मान आपोआप वळते. वळते म्हणजे श्रोत्यांच्या मागोमाग. त्यांच्या माना आधीच वळलेल्या असतात.