भोंगाबायचा कौल

आमच्या गावात मुलींच्या अंगाविषयी जे काही बोलले जाई, ते पदराआड, अर्ध्या वाक्यांत आणि डोळ्यांच्या खुणांनी. आमच्या नर्सबायला मात्र हळू बोलता येतच नसे. उपकेंद्राच्या पायरीवर उभी राहून ती रस्त्यापलीकडच्या मुलीला विचारी, "पाळी इली काय गो तुजी?" आणि त्याच सुरात पुढच्या माणसाला विचारी, आज बांगडे कसे दिले. बसची वाट पाहणारी माणसे एकाएकी आपल्या चपला न्याहाळू लागत. ती मुलगी शरमेने अर्धी होऊन पळून जाई. त्या मुलींत मीही होते, आणि तेव्हा मला ही बाई डोळ्यांसमोर नको असे. गाव तिला पाठीमागे भोंगाबाय म्हणे. तिला ते ठाऊक होते. भोंगा देवळावर बांधतात, तेव्हा त्यात रागावण्यासारखे काय आहे, असे तिचे म्हणणे.

गोवा घटकराज्य झाले त्याच सुमारास ती बदलून पेडण्यात आली. मूळची पलीकडची, सावंतवाडीकडची. लग्न केले नव्हते, कपाळावर आडवे बोट कुंकू, हातात निळी रेक्झिनची पिशवी. तेव्हा आमच्या भिंतींवर राजभाषेच्या वादातल्या कोकणीच्या आणि मराठीच्या घोषणा अजून पुसट दिसत होत्या आणि चहाच्या दुकानात दोन्ही बाजूंची माणसे वेगवेगळ्या बाकांवर बसत. ती मधल्या बाकावर बसे, कोपभर, म्हणजे पेलाभर, चहात उंडो पाव बुडवून खाई आणि दोन्हीकडच्या मुलींच्या बापांना ऐकवी, "भाशेसाठी माथी फोडतास. आनि आपल्या चेडवाक आंगाची गोष्ट सांगूक तुमच्याकडे खंयच्याच भाशेत तोंड नाय." दोन्ही बाक एकाच वेळी गप्प होण्याचा प्रसंग त्या वर्षांत तेवढाच येत असावा.

शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की शाळेच्या व्हरांड्यात बायचा वर्ग भरे. आठवी ते दहावीच्या आम्ही बाराजणी. आयांनी पहिल्या महिन्यात मुली पाठवल्या, कारण बाय लोहाच्या गोळ्या देणार होती. दुसऱ्या महिन्यात तिने पिशवीतून निरोधचे पाकीट काढून आम्हांला दाखवले आणि तिसऱ्या महिन्यात आम्ही तिघीच उरलो. बाय खचली नाही. काजूचा हंगाम होता आणि आम्ही मुली आयांबरोबर डोंगरावर बिया काढायला जात होतो. ती पिशवी घेऊन डोंगरावर आली, आमच्यात बसली, बोंडू पिळून बिया वेगळ्या करू लागली आणि हात चालवत चालवत सगळे सांगत गेली. दिवस कसे जातात, सोळाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुलीच्या अंगाचे काय होते, हा एड्स नावाचा नवा रोग कशाने होतो आणि कशाने होत नाही. काम चालू असल्यामुळे आयांना ओरडता येईना. त्या दूरच्या झाडाखाली सरकत, पण कान इकडेच. भोंग्यापासून दूर जाऊन जाऊन माणूस जाणार किती?

तिचा एक नियम होता. लग्न ठरवताना मुलाची पत्रिका पाहता तसा मुलाच्या रक्ताचा कागद पाहा. म्हापशाच्या इस्पितळात एड्सची तपासणी करायची आणि कागद आणायचा. मुलगा चांगला की वाईट हा प्रश्न नाही, प्रत्येकाला विचारायचे. आम्ही हे पाढ्यासारखे पाठ केले होते. सगळ्यांत चांगले पाठ होते शेवंतीला. ती माझ्या शेजारच्या घरातली, माझ्याच बाकावर बसणारी. बायचा आवाज काढून ती आम्हांला इतके हसवी, की एकदा खुद्द बाय मागे येऊन उभी राहिली तरी आम्हांला कळले नाही. बाय म्हणाली, आवाज जमला, पण अजून पोटातून येत नाही.

त्या वर्गातली पहिली लग्न ठरलेली मुलगी शेवंतीच निघाली. दहावीची परीक्षा झाली होती, सोळा पुरी होती. मुलगा डिचोलीत खाणीवर ट्रक चालवत होता, त्याआधी काही वर्षे मुंबई-बंगळूरच्या लांबच्या फेऱ्या करी. दिसायला देखणा, बोलायला मऊ. शेवंतीच्या बापाला आभाळ ठेंगणे झाले होते. बाय त्याच्या पडवीत जाऊन बसली. तिला दोन गोष्टी हव्या होत्या: लग्न दोन वर्षे थांबवावे, आणि रक्ताचा कागद आणावा. बापाचा चेहरा पाहून तिने हिशोब केला, दोन मागितल्या तर दोन्ही जातील. म्हणून तिने वयाचे सोडून दिले आणि फक्त कागद मागितला. बाप म्हणाला, मुलाकडच्यांना रक्त मागणे म्हणजे त्यांच्या खानदानाला शिवी देणे, सोयरीक मोडेल आणि मुलगी घरात राहील.

तीन दिवस ती त्या पडवीत जात होती. चौथ्या दिवशी तिला एक युक्ती सुचली. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत की लग्नाची तारीख धरत नाहीत. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, देवळाचा मानकरी गावकर गाऱ्हाणे घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. बाय शेवंतीच्या बापाला म्हणाली, माझे ऐकू नका, देवाचे तरी ऐकाल ना? तपासणी करावी की नाही, हेच त्याला विचारा. माझ्या आईने तिला बाजूला घेतले आणि देवाला असले काही विचारू नका म्हणून सांगितले. बायने तिलाच वेड्यात काढले. "देव काय गावच्या चेडवाचां वायट सांगतलो?" असे ती म्हणाली, आणि खरेच तशी तिची श्रद्धा होती. नुसता डाव टाकणारी बाई असती, तर पुढे तिचे इतके हाल झाले नसते.

देवळात त्या सकाळी आम्ही सगळे होतो. गावकराने गाऱ्हाणे घातले, मुलाचे रक्त तपासून घ्यायचे असल्यास उजवा दे. बाय हात जोडून पुढेच उभी होती. शेवंती माझ्या शेजारी होती आणि तिने माझी करंगळी धरली होती. थोडा वेळ काहीच हलले नाही. मग एक पाकळी घरंगळून पडली. डावीकडची.

बाप देवाला नमस्कार करून बायकडे वळला. त्यात उर्मटपणा नव्हता, उलट आता भांडण मिटले याचे समाधान होते. बायनेच विचारायला लावले होते, आता बायला बोलायला जागा नव्हती. दुसऱ्या कोणी कौल लावला असता, तर ती देवळाच्या पायरीवर उभी राहून गाव दणाणून सोडती. त्या दिवशी ती पिशवी उचलून सरळ चालायला लागली. शेवंतीने माझी करंगळी सोडली आणि हसून म्हणाली, जाऊ दे गो, देव म्हणाला ना. तिला हायसे वाटले होते. सोयरीक मोडली नाही म्हणून मलाही वाटले होते. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा लपवून काय करू?

मे महिन्यात लग्न झाले. चतुर्थीला शेवंती माहेरी आली तेव्हा तिसरा महिना चालू होता. बाय तिला भेटायला गेली आणि मी बरोबर होते. बायने विचारले, एवढे शिकवले होते, काही दिवस तरी थांबायचे, नवऱ्याला सांगायचे, पाकीट पिशवीत घालून दिले होते त्याचे काय झाले? शेवंती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "तुमी शिकयलास तां सगळां याद आसा. पण नर्सबाय, तुमचो आवाज मी खंयसून हाडू?"

आवाज कुठून आणायचा, हे बायने शिकवलेच नव्हते. वाटेत ती माझ्या दहा पावले पुढे चालत राहिली.

पुढचे भराभर झाले. गरोदरपणी शेवंतीचे रक्त तपासले आणि त्यात तो रोग निघाला. मग नवऱ्याचे तपासले. त्याला स्वतःलाच काही ठाऊक नव्हते, तो इस्पितळाच्या आवारात लहान मुलासारखा रडला म्हणतात. त्याला दोष देण्यात माझा जन्म गेला असता, पण त्या रडण्याविषयी ऐकल्यापासून तेही जमले नाही. मुलगी झाली, ती पाच महिने जगली. दीड वर्षात नवरा गेला आणि सासरच्यांनी शेवंतीला एका पिशवीसह माहेरी पोचवले. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या आमच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

माहेरी तिला गोठ्याच्या अंगाची खोली दिली. आई वाईट नव्हती, घाबरलेली होती. तिने मुलीची बशी वेगळी केली, कोप वेगळा केला आणि त्यावर ओळख म्हणून लाल दोरा बांधला. बाय पहिल्यांदा आली तेव्हा शेवंतीच्या हातात तो कोप होता. बायने तो तिच्या हातातून घेतला, त्यातला अर्धा चहा आईच्या देखत पिऊन टाकला आणि उरलेला शेवंतीला परत दिला. दोरा दातांनी तोडला. नंतर ती रोज येई आणि रोज त्याच कोपातून दोघी चहा पीत. आठ दिवसांनी आईने स्वतःच तो कोप घरातल्या कोपांत मिसळून टाकला. बायने पूर्वी भोंग्याने जे सांगितले होते, ते या एका कोपाने माझ्या डोक्यात कायमचे बसले.

आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा तिला हळू बोलताना ऐकले. शेवंतीचे केस विंचरताना ती अगदी कुजबुजल्यासारखी बोले. शेवंतीला ते सहन होईना. ती म्हणे, बाय, मोठ्याने बोला हो, तुम्ही अशा बोललात की मी मेल्यासारखे वाटते. मग बाय भांडण्याच्या सुरात बांगड्यांचे भाव सांगू लागे आणि शेवंती डोळे मिटून ऐके.

शेवंती वारली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सगळे नदीवरून परतले तरी बाय बांधावर बसून होती. मी तिच्याजवळ गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टराक इचारूचां तां मी देवाक इचारलंय. तेचो काय गुन्याव? माजो." मला तिला सांगायचे होते की तसे नाही, दोष तिचा नाही. पण ते तसेच होते, आणि तिला खोटे बोललेले खपत नसे. मी नुसती तिच्या शेजारी बसले. बाय देवळात जायची थांबली नाही. मात्र कधी काही मागितले नाही. बाहेर उभी राही, नमस्कार करी आणि निघे.

वर्गाची तऱ्हा मात्र तिने बदलली. मुलींना ती कापणी झालेल्या शेतात नेई. एका मुलीला एका बांधावर उभी करी आणि स्वतः पार पलीकडच्या बांधावर जाई. तिथून म्हणे, सांग. मुलीने ओरडून सांगायचे, "माका इतक्यात पोर नको. आदी कागद हाड." बायला ऐकू आले नाही, तर पुन्हा. मुली हसत, लाजत, रडकुंडीला येत. गुराखी थांबून बघत. मी तेव्हा जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात कामाला लागले होते, पण रजेच्या दिवशी जाई. मला अकरा वेळा ओरडावे लागले. अकराव्या वेळी बायने पलीकडून हात वर केला.

चोविसाव्या वर्षी माझ्या सोयरिकीची बोलणी चालू झाली. पहिल्या मुलाकडची माणसे कागदाचे नाव ऐकताच उठून गेली. दुसऱ्या वेळी पसंती झाली आणि बाबा कौल लावायला निघाले. पायात चपला घातल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, कौल नको. आदी कागद." मी बहुधा जोरात बोलले, कारण पलीकडच्या घरातून शेवंतीची आई बाहेर आली. बाबांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, आणि चपला काढल्या.

मुलगा शहाणा होता. स्वतः म्हापशाला गेला आणि मलाही चल म्हणाला. रोग नसल्याचे दोघांचे कागद घेऊन मी बायकडे गेले. ती तेव्हा निवृत्त होऊन पेडण्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत राहत होती. गुडघे गेले होते, आवाज तसाच होता; मी फाटकात होते तेव्हाच, मासे आणलेस का, म्हणून तिने विचारले. गेल्या वर्षी ती गेली आणि तिची तिरडी उचलताना आम्ही तिच्या वर्गातल्या सातजणी होतो, तेव्हाही मला फाटकात तीच हाक ऐकू येईलसे वाटत होते.

त्या दिवशी मी कागद तिच्या हातात दिले. तिने चष्मा लावला. मला वाटले, आता ही असे ओरडेल की सारा बाजार गोळा होईल. तिने माझा कागद वाचला, त्याचा वाचला, पुन्हा वाचला. मग त्याचा कागद तळहातावर पसरून ठेवला. तिच्या हाताहून तो थोडासाच मोठा होता.

"इतकोच कागद गो," ती म्हणाली. "इतकोच."

मी अगदी तिच्या शेजारी बसले होते, तरी मला ते जेमतेम ऐकू आले.