दाजींचा पहारा

साऱ्या नाशकात जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसलेला असा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. ताईला तरी ठाऊक असेल असं लोकांना वाटतं. मी एकदा खोदून विचारलं, तर ती म्हणाली, "जन्मपत्रिकेत एक आहे, शाळेच्या दाखल्यात दुसरी. खरी कोणती विचारलं की म्हणतात, तुला कशाला हवी?" दाजी नाशिक रोडला प्रेसमध्ये होते. जिथे नोटा छापतात तिथे माणसाला झडती दिल्याशिवाय ना आत जाता येतं, ना बाहेर पडता येतं. चौतीस वर्षं रोज अंग चाचपून घेतल्यावर दाजींची अशी ठाम समजूत झाली की या जगात माणूस एक तर झडती देतो, नाही तर घेतो. निवृत्त झाले, नोटा सुटल्या, पण पहाऱ्याची सवय काही सुटेना. राखायला दुसरं काही उरलं नाही म्हणून मग ते स्वतःलाच राखत बसले.

त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर ताईची टिकली लावलेली असते. ती जरा सैल झाली की दाजी लगेच नवी मागतात. "माझ्या कपाळाकडे या माणसानं इतकं लक्ष कधी दिलं नाही," असं ताई म्हणते. पार्सल आलं की खोक्यावरचा पत्ता सोलून ते बादलीत भिजत घालतात, आणि त्याचा पार लगदा झाल्याशिवाय तो घंटागाडीत जात नाही. आधारकार्डाची झेरॉक्स द्यायची वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहितात, 'फक्त गॅसच्या कामासाठी', आणि खाली सही, तारीख. एटीएमवर उभे राहिले की वाऱ्यातून निरांजन न्यावं तसा तळहात धरून आकडे दाबतात. महाबळेश्वरला जाऊन आले जानेवारीत आणि फोटो ग्रुपवर टाकले मे महिन्यात, कारण 'घर रिकामं आहे अशी दवंडी आपणच कशाला पिटायची?' चाळीस अंशांच्या उन्हात ताईचा स्वेटर घातलेला फोटो पाहून मी घाबरून फोन केला होता, थंडीताप आलाय की काय म्हणून. एकदा मोजे घ्यायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सर, मोबाइल नंबर?" दाजी म्हणाले, "कशाला? मोजा हरवला तर तुम्ही फोन करणार?" नंबराशिवाय बिल निघत नाही म्हटल्यावर दाजी मोजे तिथेच ठेवून बाहेर पडले. तो सबंध हिवाळा त्यांनी आमच्या ह्यांच्या जुन्या मोज्यांवर काढला.

मी मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. इंदिरानगरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, ही सवय मुलांना लागली नसेल तितकी मला लागली. कर्ज हवंय का असं विचारणाऱ्या मुलीलाही मी का नको ते कारणांसह सांगते. माझा पासवर्ड म्हणजे लेकीचं नाव आणि तिचं जन्मसाल. तो विसरू नये म्हणून फ्रिजवर चिकटवलेला. शिवाय दर वाढदिवसाला तिचं नाव, वय आणि केक मी फेसबुकवर जाहीर करायचेच. दाजींनी एकदा फ्रिजवरची ती चिठ्ठी चष्मा लावून वाचली. मग शांतपणे म्हणाले, "बाई, चार शब्द घ्या. एकमेकांशी काही संबंध नसलेले. आणि जोडून लिहा." मी चार शब्द घेतले, आणि हाताला वळणच पडलेलं, म्हणून त्यांचं छान अर्थपूर्ण वाक्य तयार केलं. दाजींनी कपाळाला हात लावला. "बाई, हा पासवर्ड नाही झाला. हा सुविचार झाला." व्हॉट्सअॅपला आपला स्वतःचा सहा आकडी पिन लावून ठेवा, हेही त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी "हो हो, लावते" म्हणाले, आणि तिन्ही वेळा कुकरची शिट्टी झाली.

गेल्या श्रावणात एका सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावानं मेसेज आला. 'बाई चूकुन माझा कोड तुमच्या कडे आला आहे, पाठवता का?' खरंच सहा आकड्यांचा कोड आला होता. तो कोणाला देऊ नका असं त्याच मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. पण माझी नजर 'चूकुन'वर अडकली. मी कोड पाठवला, आणि खाली लिहिलं, 'बाळा, चुकून. आधी ऱ्हस्व, मग दीर्घ.' चोराचं शुद्धलेखन तपासून त्याला किल्ली देणारी महाराष्ट्रातली मी पहिलीच शिक्षिका असेन.

पुढच्या मिनिटाला व्हॉट्सअॅप बंद पडलं. नेट गेलं असेल म्हणून मी राउटर बंद-चालू करत बसले. तोवर फोन सुरू झाले. माझ्या नावानं सगळ्यांना मेसेज गेले होते, 'मी दवाखान्यात आहे, बोलता येत नाही, मदत पाठवा.' मी ताईला फोन लावला आणि रडायलाच लागले. अर्ध्या तासात दाजी स्कूटरवरून दारात हजर.

मला वाटलं, आता व्याख्यान. पण त्यांनी चप्पलसुद्धा धड काढली नाही. माझा फोन घेऊन, माझ्याच नंबरावर पुन्हा नवा कोड मागवून त्यांनी तो घातला. "चोर बाहेर गेला," ते म्हणाले, "पण जाताना स्वतःचा पिन लावून गेलाय. सात दिवस आपल्यालाही आत जाता येणार नाही. आता एकेकाला फोन." मग माझ्या फोनमधली यादी समोर ठेवून आम्ही दोघं बसलो, आणि मोज्यांच्या दुकानात नंबर न देणारा हा माणूस स्वतःच्या फोनवरून अनोळखी माणसांना सांगू लागला, "नमस्कार, मी बाईंच्या बहिणीचा नवरा. प्रेसमधून रिटायर झालोय, नाशिक रोडला राहतो. हो, हा माझाच नंबर. लिहून ठेवा. शंका आली तर केव्हाही फोन करा." दोघांनी तोवर पैसे पाठवले होते. त्यांची तक्रार दाजींनीच लगोलग सायबर पोलिसांकडे नोंदवली.

एक फोन लागेना. आमच्या शाळेत शिपाई असलेल्या मावशींचा. त्या आता एकलहऱ्याला मुलाकडे राहतात. चार वेळा घंटी वाजून बंद झाली. "त्या पाठवणार," मी म्हणाले, "त्या नक्की पाठवणार." मला मागे बसवून दाजींनी स्कूटर काढली. मावशी सापडल्या त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. गल्ल्यावर घामेजलेल्या नोटांची पुरचुंडी, आणि दुकानदार आपल्या मोबाइलवरून पाठवायच्या बेतात. मला पाहून मावशी किंचाळल्याच.

"बाई! तुम्ही तर उभ्या हाय! सोडलं का डॉक्टरनं?"

"मी आजारीच नव्हते हो मावशी. फोन का नाही उचलला?"

"घरी राह्यला. पळतच आले ना मी. लय जीव घाबरला." त्यांनी माझे दोन्ही दंड चाचपून पाहिले, खरंच धड आहे की नाही ते. मग दुकानदाराला म्हणाल्या, "ते राहू दे. बाईंना थंडा दे." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. दाजी दूर उभे राहून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे पाहत होते.

परतताना मी पुन्हा मागे बसले. मीच म्हणाले, "दाजी, एकदा रागावून तरी घ्या."

"रागावणार होतो," ते म्हणाले. स्कूटर त्यांनी हळू केली. "मगाशी डोक्यात आलं, माझ्या नावानं असा मेसेज गेला असता तर? कोण पळत गेलं असतं दुकानात? माझा नंबर आहे कोणाकडे?"

 मी कारणं न देता एवढंच म्हणाले, "मी गेले असते."

"तुम्ही जाणारच हो, बाई," दाजी म्हणाले. "तुम्हाला कोणीही काहीही सांगावं." हसले असावेत. मागे बसलेल्या माणसाला नक्की कळत नाही.

त्या दिवसापासून दाजींच्या फोनवर माझ्या साऱ्या गोतावळ्याचे फुलांचे आणि सूर्योदयाचे मेसेज येतात. ताई म्हणते, नंबर बदला ना. दाजी बदलत नाहीत. परवा पोळ्याच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर ते खिडकीशी उभे राहून फोनवर बोलत होते. पलीकडे एकलहऱ्याच्या मावशी होत्या, आणि दाजी त्यांना आपण सकाळी काय जेवलो ते अगदी सविस्तर सांगत होते.