जाड दाण्याचा बार

सायवनच्या वरच्या पाड्यावरच्या लडक्याचा त्याच्या ठासणीच्या बंदुकीवर भारी जीव. परवाना पिकाच्या राखणीचा. भात पोटरीला आलं की तो शेतातल्या माळ्यावर चढायचा आणि दिवस मावळताना डुकरांना भिववायला एक पोकळ बार काढायचा. नळीत गोळी नाही, नुसती दारू आणि चिंधी. लगेच ओढ्यापलीकडच्या माळ्यावरून त्याच्या जुन्या दोस्ताचा, लहान्याचा बार जबाब द्यायचा. डुकरं कितपत भ्यायची देव जाणे, पण या दोघांना त्याशिवाय भाकर गोड लागत नसे. बायको चिमी गेल्यापासून तर लडक्याशी दिवसभरात बोलणारं तेवढंच कोणी उरलं होतं.

बंदूक भरायला लहान्यानेच शिकवलं होतं. दारूचा दाणा जाड घ्यायचा, तो दमाने जळतो. बारीक दाणा एकदम पेट घेतो, जुन्या नळीला सोसत नाही. नळी फुटली की हात गेलाच म्हणायचा.

यंदा लहान्याचे गुडघे गेले. त्याच्या मुलाने, नविनने, त्याला चारोटीला हायवेलगतच्या खोलीत नेलं. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. आता लडक्याचा बार डोंगरावर आपटायचा आणि तिथेच विरायचा. रोज तो फोन करून विचारी, ऐकलास का? लहान्या सरळ माणूस, नाही म्हणे. मध्ये एवढे डोंगर, वर ट्रकांचा गोंगाट, ऐकू येणार कसं? पण एकट्या माणसाला शहाणपण सांगून काय उपयोग.

शेवटी एकदा लडक्याने सांगून टाकलं, की उद्या बारीक दाणा भरतो, त्याचा आवाज लांब जातो. लहान्या ओरडला, शिव्या घातल्या. लडक्याने फोन ठेवला. म्हातारा हट्टाला पेटला होता, आणि खरं सांगायचं तर हात राहिला काय नि गेला काय, असंच त्याला वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बारीक दारू नळीत ओतली, चिंधी गजाने ठासली. आता ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा, एवढ्यात खिशातला फोन वाजला.

“ऐकला रे,” लहान्या म्हणाला. त्याला धाप लागली होती. “आज ऐकला तुझा बार. मोप घुमला. जाडाच भरलास ना? आता जाडाच भरत जा.”

टोपी लडक्याच्या तळहातावरच होती. बार अजून निघालाच नव्हता.

“हां,” तो म्हणाला. “जाडाच भरला.”

मग त्याने नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि चिंधी उपसून काढली. त्या संध्याकाळी डुकरांसाठी डबाच बडवला. डोळे गळत होते, पुसायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा जाड दाणाच भरू लागला. फोन रोज करतो, गुडघ्यांची चौकशी करतो, भाताचं सांगतो. बार ऐकलास का, हे मात्र विचारत नाही. विचारलं तर लहान्या हो म्हणेल.