मास्तरांची वाकडी कॉलर

गावात क्वचितच असा कोणी असेल, ज्याच्या अंगावर शिंपीणमावशींनी शिवलेलं कापड चढलं नाही. माप एकदा घ्यायच्या, की ते जन्मभर डोक्यात. "पोट सुटलंय तुझं, दोन बोटं वाढवते," असं भर रस्त्यात सुनवायच्या आणि समोरचा निमूट ऐकून घ्यायचा.

साठी उलटली आणि मावशींच्या डोळ्यांपुढे धुकं साचू लागलं. आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं, मग कापडावरची खडूची रेघ. मावशींनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. शिंपिणीला दिसत नाही म्हटल्यावर कापड कोण आणून देणार? मशीन खिडकीच्या तोंडाशी ओढलं आणि बोटांनी चाचपत त्या टीप मारू लागल्या. दोरा ओवून द्यायला सून होती. तिच्यापासून काय लपणार? पण ती कुठे चकार शब्द बोलली नाही. अशी तीन वर्षं गेली.

एक दिवस शाळेचे मास्तर बातमी घेऊन आले. परदेशातल्या डॉक्टरांचं पथक येणार होतं. पाच दिवस शाळेतच दवाखाना, डोळे आणि दात, दोन्ही तपासणार, मोतीबिंदूही काढणार, आणि सगळं विनामूल्य.

"परक्या माणसाच्या हाती डोळा द्यायचा?" मावशी म्हणाल्या. "बिघडला तर दुरुस्तीला त्याला गाठायचं कुठे?"

"आणि नाही दिला तर?" सून पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "परवा मशीनची सुई बोटातून आरपार गेली, आई. मी नुसती बघत राहू?"

मावशींनी चिंधी बांधलेलं बोट पदराआड घेतलं. पथक आलं त्या दिवशी मात्र गुपचूप सुनेबरोबर निघाल्या.

शाळेच्या ओट्यावर ही रांग! एका वर्गात डोळ्यांचं ऑपरेशन, शेजारच्या वर्गात दात. तिथे गावचा लोहार खुर्चीत बसला होता. दिवसभर घण घालणारा तो गडी एका दाढेपायी असा बोंबलला, की रांगेतल्या चौघांचे दात तिथल्या तिथे दुखायचे थांबले. मावशीही घरी परतायला उठल्याच. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. केस पिकलेले, चेहरा हसरा. त्यांनी मावशींचा हात हातात घेतला, चिंधी पाहिली, बोटावरचा घट्टा चाचपला आणि काहीतरी म्हणाल्या.

दुभाष्याचं काम मास्तरांकडे होतं. "त्या म्हणतायत, टाके त्याही घालतात. पण तुमच्या डोळ्याला इतकी लहान चीर देणार, की टाका लागणारच नाही."

"बिनटाक्याचं काम?" मावशी जरा सैलावल्या. "मग उसवायची भीती नाही. चला."

पंधरा-वीस मिनिटांत एक डोळा झाला. दुखलं असं नाहीच. उजेडात रंग तरंगत होते, एवढंच त्यांना आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. मावशींनी डोळा किलकिला केला. समोर मास्तर उभे. त्यांच्या शर्टाच्या कॉलरीचं एक टोक वर, एक खाली. खिसा तिरपा.

"मास्तर, हे ध्यान कोणी शिवलं?"

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं जमिनीकडे.

"तुम्हीच, मावशी. गेल्या वर्षी."

मावशींची नजर खिडकीबाहेर गेली. रांगेत कोणाची एक बाही आखूड, कोणाची काजं एकीकडे तर बटणं भलतीकडे. सगळं त्यांच्याच हातचं.

"एकानंही परत आणून दिलं नाही?"

"नाही," सून हळूच म्हणाली. "फार चुकलेलं मी उसवून नीट करायचे, तुम्ही दुपारी आडव्या झालात की. बारीकसारीक राहून जायचं. लोक म्हणायचे, असू दे, मावशींना सांगू नकोस."

मावशींच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरीणबाई घाबरल्या, दुखतंय का म्हणून विचारू लागल्या.

"दुखत नाही म्हणावं," मावशी म्हणाल्या. "म्हणावं, तुम्ही मला डोळा दिलात, आणि या गावानं माझ्यासाठी तीन वर्षं डोळेझाक केली. दोघांचे उपकार कुठे ठेवू?"

डोळेझाक परक्या भाषेत सांगताना मास्तरांची पुरेवाट झाली. पण सांगून संपलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनीही चष्मा काढून पुसला.

महिना-दीड महिना डोळा जपून झाल्यावर मावशींनी घरोघर निरोप धाडला, वाकडं असेल ते आणून द्या. ढीग पडला. लोहार तेवढा अडून बसला. "खिसा तिरपाच बरा," म्हणाला, "हात सवयीनं जातो." मावशींनी सुनेसाठी दुसरं मशीन मांडलं, आणि कोणी कामाचं कौतुक केलं की आधी तिच्याकडे बोट दाखवू लागल्या.

पुढच्या वर्षी पथक पुन्हा आलं. मावशींचा दुसरा डोळाही झाला. तो बरा होईतो शिवण बंद, म्हणून त्या रोज शाळेच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि घाबरलेल्या बायांचे हात आपल्या हातात धरून ठेवायच्या, आतून हाक येईपर्यंत.